वायर आणि ओवी

मावशी सध्या दिल्लीत सरोजिनी नगरला मावसभावाच्या सरकारी घरी आहे. तिच्या जात्यावरच्या ओव्या टॅबलेटवर घ्यायला बसलो. कॉलर माइक पदराला लावला, पण ऐकू आला तो पंखा आणि बाजाराचा गलका. ती मात्र शेजारच्या खोलीत बसल्यासारखी लांब. माइकवर टिचकी मारली, काही उमटलं नाही. टॅबलेटच्या कडेवर मारली, ठक्क! म्हणजे ऐकत होता तो टॅबलेटच.

पिन उजेडात धरली. दोन काळ्या पट्ट्या, म्हणजे तीन भाग. टॅबलेटच्या ३.५ मिमी जॅकला चार भाग हवेत: डावा, उजवा, ग्राउंड आणि बहुतेकदा बुडाशी माइक. तीन भागांच्या पिनेत माइकची जागाही ग्राउंडलाच टेकते, मग बाहेरचा माइक टॅबलेटला कळतच नाही. चार भागांची पिन असलेली, मध्ये जोडायची छोटी वायर बाजारात मिळाली. आवाज एकदम जवळ आला, श्वासासकट.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लाखावर ओव्या जमवल्या. त्या कामाचं मोल मला आज जास्त कळलं. त्या ओव्यांतल्या बायका पहाटे जात्याच्या दगडासमोर गायल्या, ऐकायला कुणी असो वा नसो.

जातं गावीच राहिलं. तरी गाताना मावशीचा उजवा हात मांडीवर गोल फिरत होता. आईवरची एक ओवी तिने अर्ध्यावर सोडली. "ही नको भरूस," म्हणाली. का, ते मी विचारलं नाही. तेवढा तुकडा अजून टॅबलेटमध्ये आहे. पुसायचा की ठेवायचा, तिलाच विचारेन.