गाडीचा कागद

अब्बांचे डायलिसिस सुरू झाले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. खेडहून चिपळूणला आठवड्यातून तीन दिवस जायचे, चार तास मशीनवर बसायचे आणि परत यायचे. जाताना एस.टी. चालायची. येताना मात्र त्यांना पायरी चढवत नसे. ज्या माणसाने तीस वर्षे एस.टी. चालवली, कशेडी घाट रात्री-अपरात्री पालथा घातला, त्याला एस.टी.च्या पहिल्या पायरीवर थांबून दांडा धरून दम खाताना पाहणे मला सहन होत नव्हते. मग भाड्याची गाडी. एका फेरीचे बाराशे रुपये, म्हणजे महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास. माझा लॅबमधला पगार त्याहून फार जास्त नव्हता.

शेवटी कुवेतहून भाईजानने दीड लाख पाठवले, अम्मीने दोन बांगड्या मोडल्या आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्ही २०१५ सालची एक वॅगन आर घेतली. एका निवृत्त शिक्षकांची होती, नीट जपलेली. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले होते, पण खरे शिकवले ते अब्बांनी, शेजारच्या सीटवर बसून. "ब्रेक पायाने नाही, डोळ्याने मारायचा असतो," हे त्यांचे पालुपद. आमच्या खानदानात गाडी चालवणारी मी पहिली मुलगी. मोहल्ल्यात थोडी कुजबुज झाली, पण डायलिसिसचे नाव निघाले की लोक गप्प बसत.

गाडी देताना मास्तर म्हणाले होते, "विमा ऑगस्टपर्यंत आहे, काळजी नको." आम्हीही काळजी केली नाही. आर.सी. बुक माझ्या नावावर करून घेतले आणि विम्याचा कागद डिकीतल्या पिशवीत तसाच राहिला, मास्तरांच्या नावाचा.

रमजानमध्ये एका संध्याकाळी चिपळूणहून परतायला उशीर झाला. परशुराम घाटात वाहनांची रांग लागली होती. घरी पोहोचले तेव्हा इफ्तारीला पाच मिनिटे होती. घाईघाईने गाडी मागे घेतली आणि चिऱ्याच्या गडग्यावर आपटली. मागचा बंपर फुटला, डिकीचे दार आत गेले. अब्बा आत बसलेले होते, त्यांना काही झाले नाही, अल्हम्दुलिल्लाह. गॅरेजवाल्याने अकरा हजारांचा आकडा सांगितला. मी निर्धास्त होते. विमा होता ना!

विमा होता, पण माझा नव्हता. कंपनीच्या माणसाने शांतपणे समजावले. गाडी विकली की दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी घेणारा विम्याचा भाग, ज्याला थर्ड पार्टी म्हणतात, तो नव्या मालकाकडे आपोआप आलेला मानला जातो. पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तसा येत नाही. त्यासाठी गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. आमचे चौदा दिवस कधीच उलटून गेले होते. अकरा हजार गेले. त्या वर्षी ईदला नवे कपडे फक्त लहान बहिणीला आले.

ऑगस्ट जवळ आला तेव्हा मी ठरवले की या वेळी सगळे स्वतः समजून घ्यायचे. पैसे कमी होते, त्यामुळे स्वस्त विमा हवा होता हेही खरे.

आमच्या ओळखीच्या एका एजंटाकडे गेले. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "वय काय? लायसन कधीचे?" मग मान हलवून म्हणाला, "नवीन ड्रायव्हर, त्यात मुलगी. गाडी वडिलांच्या नावावर करा, विमा स्वस्त पडेल." मला ते पटले, कारण माझ्या फुफूंचा मुलगा इंग्लंडला आहे आणि तिथे खरोखरच तसे असते. तिथे पंचविशीच्या आतल्या मुलांना विम्याचा हप्ता इतका भारी पडतो की कधी कधी जुन्या गाडीच्या किमतीएवढा होतो. काही जण गाडीत एक छोटा डबा बसवून घेतात, तो वेग आणि ब्रेकची नोंद ठेवतो आणि चांगले चालवले तर हप्ता उतरतो. गाडी मुलगा चालवतो आणि मुख्य चालक म्हणून बापाचे नाव लावतो, असे केले तर तिथे ती फसवणूक धरली जाते.

पण आपल्याकडे मामला वेगळा आहे. मी तीन कंपन्यांच्या साइटवर स्वतः माहिती भरून पाहिली. खाजगी गाडीच्या थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते, तो इंजिनच्या आकारावर असतो. २०२३ मध्ये तो हजार सी.सी.पर्यंत २,०९४ रुपये होता, त्यापुढे दीड हजारपर्यंत ३,४१६. चालवणारा वीस वर्षांचा असो की साठ, मुलगी असो की मुलगा, आकडा तोच. स्वतःच्या नुकसानीचा भाग गाडीची किंमत, तिचे वय, इंजिन आणि गाव यांवर ठरतो. मुंबई-पुण्यापेक्षा आपल्या खेडसारख्या ठिकाणी तो थोडा कमीच असतो. आणि अब्बांच्या नावावर गाडी केली असती तर उलटेच झाले असते. मालक-चालकाला अपघातात काही झाले तर पंधरा लाखांचे जे संरक्षण मिळते, त्यासाठी मालकाकडे चालू लायसन लागते. अब्बांच्या लायसनची मुदत संपली होती आणि ते आता नव्याने काढण्याचा प्रश्नच नव्हता. एजंट वाईट माणूस नाही, पण त्याने ऐकीव गोष्ट ठोकून दिली होती.

आता माझ्यापुढे तीन आकडे होते. नुसता थर्ड पार्टी घेतला तर करासकट २,८६० रुपये. गाडीची किंमत एक लाख ऐंशी हजार धरून पूर्ण विमा ५,९२८ रुपये. आणि तिसरा आकडा एजंटाचा. तोच पूर्ण विमा, ४,३९४ रुपयांत.

मी विचारले, "हा एवढा स्वस्त कसा?"

तो हसून म्हणाला, "आधीच्या मालकाने कधी क्लेम केला नव्हता ना? त्यांचा पन्नास टक्के बोनस होता. तोच टाकतो. कोण बघतंय?"

क्लेम न करण्याचा बोनस, ज्याला एन.सी.बी. म्हणतात, तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो मास्तरांबरोबर त्यांच्या नव्या गाडीवर गेला होता. माझे खाते शून्यावरून सुरू व्हायचे होते. दीड हजाराचा फरक. खरे सांगते, मी त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत बसले. दीड हजार म्हणजे डायलिसिसच्या तीन-चार फेऱ्यांचे पेट्रोल.

रात्री जेवताना घरात मजलिस भरली. मामू आले होते. विम्याचे नाव काढताच ते म्हणाले, "दुल्हाभाई, हा सगळा जुगारच आहे. कायद्याने जेवढे लागते तेवढे घ्या, बाकी अल्लाहच्या भरवशावर सोडा." अम्मीलाही तेच बरे वाटत होते, मुख्य म्हणजे स्वस्त होते म्हणून. हा प्रश्न आमच्या घरात नवा नव्हता. अब्बांनी मौलाना साहेबांना आधीच विचारून ठेवले होते. ते म्हणाले होते, सक्तीचा विमा घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, बाकीच्या भागाबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत, तुमची परिस्थिती तुम्ही पाहा.

अब्बा थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी आम्ही कधी ऐकली नव्हती. ते पोलादपूरच्या मार्गावर असताना एका जीपने सायकलवाल्याला उडवले होते. माणूस जागीच गेला. जीपचा विमा संपलेला. कोर्टाने नुकसानभरपाईचा हुकूम मालकाविरुद्ध दिला, पण मालकाकडे देण्यासारखे काही नव्हते. त्या माणसाची बायको पुढे कित्येक वर्षे स्टँडवर उकडलेल्या शेंगा विकत होती. अब्बा तिच्याकडून रोज घ्यायचे, खायचे असो-नसो.

"थर्ड पार्टी म्हणजे ती बाई," अब्बा म्हणाले. "तो विमा आपल्यासाठी नसतो. तो आपल्या हातून ज्याचे वाईट होईल त्याच्यासाठी असतो. बंद्यांचा हक्क असतो तो. त्यात जुगार कसला?"

मामू काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "आणि आपल्या गाडीचे?"

आपल्या गाडीचे उत्तर आमच्या घराच्या मागे वाहत होते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले तेव्हा आमच्या खेडमध्ये जगबुडीनेही हात दाखवला होता. शेजाऱ्यांच्या दोन गाड्या काचेपर्यंत पाण्यात होत्या. ज्यांचा पूर्ण विमा होता त्यांना काही तरी मिळाले, नुसता थर्ड पार्टीवाला हात चोळत बसला. त्यातही एकाने पाणी ओसरल्यावर घाईने चावी फिरवली, पाणी इंजिनात ओढले गेले आणि कंपनीने इंजिनाचे पैसे द्यायला नकार दिला. साध्या पॉलिसीत ते बसत नाही, त्यासाठी वेगळे जोडपत्र घ्यावे लागते. मी ते मागून पाहिले, पण आठ वर्षांच्या गाडीला आमच्या कंपनीने दिले नाही. तेव्हा अब्बांनी घरात हुकूम काढला, गाडीत पाणी शिरले तर चावीला हात लावायचा नाही, गाडी ओढून न्यायची.

ही गाडी गेली तर दुसरी घेण्याची आमची ऐपत नाही. मी पूर्ण विमा घ्यायचा म्हटले. एजंटाचा तिसरा आकडाही सांगितला. अब्बांनी फक्त विचारले, "बोनस कुणाचा?" मी म्हटले, मास्तरांचा. "मग आपल्या कागदावर कसा येईल?" झाले. पुढे त्यावर चर्चा झाली नाही. नंतर मला कळले की कंपन्या बोनसची खात्री आधीच्या कंपनीकडून करून घेतात आणि खोटा निघाला तर ऐन गरजेच्या वेळी क्लेम अडकतो. म्हणजे दीड हजार वाचवून मी पुन्हा एकदा कागद असून कागद नसलेली झाले असते. पण हे आम्हाला त्या रात्री माहीत नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

हप्ता कमी करायचा आणखी एक रस्ता होता, गाडीची किंमत कमी दाखवायची. एका साइटवर ती आपोआप नव्वद हजार धरली होती आणि हप्ता लगेच हजार-दीड हजाराने उतरला होता. मी तो आकडा वर नेला. गाडी वाहून गेली तर नव्वद हजारांत काय येणार?

५,९२८ रुपये भरले. थेट कंपनीच्या साइटवरून, माझ्या नावाने.

त्या वर्षी लोटे एम.आय.डी.सी.च्या फाट्यावर एका टेम्पोने डावा आरसा उडवला. नवा अठराशेला पडला. क्लेम करावा का, म्हणून हिशेब मांडला. प्लास्टिकच्या भागाचे निम्मे पैसे घसाऱ्यात जातात, वर पहिले हजार रुपये आपणच सोसायचे असतात. हाती शून्य आणि वर बोनसही जाणार. आरसा खिशातून बसवला.

ऑगस्ट २०२४ मध्ये नवा कागद आला. स्वतःच्या नुकसानीच्या रकमेपुढे लिहिले होते, एन.सी.बी. २० टक्के. पाचशे-सहाशे रुपयांची गोष्ट. अब्बांना एस.टी.तल्या दिवसांपासून गाडीचे कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवायची सवय आहे. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून ती ओळ वाचली आणि विचारले, "हा तुझाच ना?"

मी म्हटले, हो. त्यांनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "चल, साडेआठ वाजले. उशीर झाला तर मशीन दुसऱ्याला देतात."