मामांची नजर आणि माशीचा गळ

निपाणीहून कोल्हापूरकडे निघालं की यमगर्णीजवळ वेदगंगेवरचा पूल लागतो. 2019 आणि 2021च्या पुरात इथं महामार्गावर पाणी आलं आणि हा पूल टीव्हीवाल्यांनाही ठाऊक झाला. आमच्यासाठी मात्र ती मामांच्या गावाला वळायची खूण. पूर्वी तिथं सगळीकडं तंबाखू दिसायची, आता ऊस. मामांनी उभा जन्म या काठावर गळ टाकण्यात घालवला. शेती मामींनी बघितली, असं मामींचंच म्हणणं!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक नवं खूळ घेऊन गेलो. फ्लाय फिशिंग, म्हणजे माशीनं मासा धरणं. गरीवर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधायची आणि ती अलगद पाण्यावर उतरवायची. आपल्या नेहमीच्या गळात शिसं पुढं जातं आणि दोरी त्याच्यामागून. इथं उलटं. माशीला वजनच नाही, म्हणून जड दोरीच फेकायची, माशी तिच्यामागून जाते. पण एवढी जाड दोरी माशाच्या डोक्यावर आपटली तर तो कशाला थांबतो? म्हणून दोरी आणि माशी यांच्यामध्ये नऊएक फुटांचा निमुळता तंगूस लावतात. त्याला लीडर म्हणतात.

मामांनी तो दोन बोटांत धरून शेवटपर्यंत सरकवत नेला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं सगळा कारभार बोटांवर. म्हणाले, "आसूडच की रं ह्यो!"

तीन पुस्तकं वाचून मला जे कळलं होतं, ते मामांनी एका शब्दात सांगितलं. आसूड मुठीशी जाड आणि टोकाला बारीक असतो, म्हणून हाताचा झटका शेवटपर्यंत पोचतो. एकसारख्या जाडीच्या तंगुसात तो मध्येच मरतो आणि माशी गोळा होऊन पडते. मामांच्या लहानपणी घोड्याच्या शेपटीचे केस वळून गळाची दोरी करत. आधी सहा केस, मग चार, टोकाला दोन. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचं मासेमारीवरचं गाजलेलं पुस्तक 1653 साली निघालं, तेव्हा तिथंही घोड्याचेच केस वापरत. पुढं रेशमाच्या किड्याची ग्रंथी ओढून केलेली तात आली आणि 1930च्या दशकाच्या अखेरीस नायलॉन.

तयार लीडर महाग पडतो, म्हणून मी बाजारातल्या तंगुसाचे तुकडे जोडून घरीच केला होता. रिट्झ हॉटेलवाल्यांच्या घरातला शार्ल रिट्झ हा या छंदातला मोठा माणूस. त्याच्या नावावर एक सोपा हिशेब सांगतात: शंभरातले साठ भाग जाड, वीस भाग उतरते, वीस भाग बारीक. नऊ फुटांत साडेपाच फूट 0.45 आणि 0.40 मिलिमीटरचा तंगूस, मग 0.35, 0.30 आणि 0.25चे आठ-आठ इंचांचे तुकडे, शेवटी दोनएक फूट 0.20चा. शेजारच्या दोन तुकड्यांच्या जाडीत 0.05पेक्षा जास्त फरक ठेवायचा नाही, नाहीतर गाठ बसत नाही. हिशेब चोख होता. माती गाठीत झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काठावर उभा राहिलो. पाऊस सरून पाणी निवळलेलं. विसाव्या की पंचविसाव्या फेकीला माशी नीट पडली आणि पाणी फुटलं. काठी वाकली, काळजात धस्स झालं आणि पुढच्या क्षणी सगळं सैल. काय होतं ते दिसलंसुद्धा नाही. मामांनी तुटलेलं टोक बोटांनी चाचपलं. ते डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं होतं.

"तुटला न्हाई, सुटला. गाठ कोरडीच आवळलीस न्हवं?"

खरं होतं. गाठ आवळण्याआधी तोंडात धरून ओली करायची, हे मी वाचलं होतं. कोरडा तंगूस घासून तापतो आणि तिथंच कमजोर होतो, शिवाय वेढे नीट बसत नाहीत. घाईत विसरलो. मामा मात्र त्यावर थांबले नाहीत. म्हणाले, "आता त्यो तोंडात गरी घिऊन हिंडणार. खायला गावला असता तर गोष्ट येगळी." एवढं बोलून ते उठले. मासा धरून परत सोडायचा, ही पद्धत मी त्यांना आदल्या रात्री मोठ्या उत्साहानं सांगितली होती आणि ते नुसते हसले होते. त्या रात्री मी पक्कड घेऊन उरलेल्या सगळ्या गऱ्यांचे उलटे काटे दाबून टाकले.

मामा पूर्वी खडशीच्या गोष्टी सांगायचे. इंग्रज तिला महसीर म्हणत. मद्रास इलाख्यातल्या हेन्री सलिव्हन थॉमस नावाच्या अधिकाऱ्यानं 1873 साली भारतातल्या गळावर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात महसीरचं कौतुक भरपूर आहे. त्याच्याही आधी, 1839 साली, सायक्सनं पुण्याजवळच्या नदीतल्या महसीरला शास्त्रीय नाव देताना लोकांच्या तोंडचा शब्दच उचलला: खुद्री. आपल्या शिंगाळ्याचंही तसंच. पण मामांना खडशी दिसून कैक वर्षं झाली. आता गळाला येते ती चिलापी, आणि तिचं मूळ आफ्रिकेत. (नदीकाठची कानडी पोरं सगळ्यांनाच 'मीनु' म्हणतात. संस्कृतातला 'मीन' द्राविडी भाषांतूनच आला, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. शिकवायची खोड जात नाही, माफ करा.)

सकाळी नव्या माश्या बांधायला बसलो. पिसं मामींच्या कोंबड्याच्या मानेची. नराची पिसं ताठ असतात, ती माशीला पाण्यावर तोलून धरतात, कोंबडीची मऊ पिसं बुडणाऱ्या माशीला बरी. आंबोली-जांबोटीच्या रानकोंबड्याच्या मानेवरची मेणासारखे ठिपके असलेली पिसं इंग्रजांना फार प्रिय होती, पण 1972च्या कायद्यानं त्या पक्ष्याला संरक्षण आहे, तेव्हा ते नावही काढायचं नाही. दोरा बिडीचा. मामींनी वीस वर्षं बिड्या वळल्या. माझ्या हातून सुटणारा शेवटचा वेढा त्यांनी न बघता बसवला.

मग रंगाचा प्रश्न. पुस्तकांत रंगांचा नुसता बाजार आहे. माशांना रंग दिसतात हे खरं, आणि स्वच्छ पाण्यात खोल गेलं की तांबडा रंग आधी विझतो हेही खरं. पण आमच्या चार-पाच फूट पाण्यात त्याचा काय उपयोग? मी पिवळी, तांबडी, तपकिरी आणि काळी अशा माश्या मामांपुढं मांडल्या. त्यांनी एकेक उचलून आभाळाकडं धरली.

"रंग मला आता दिसत न्हाई. सावली दिसती. ही घे."

काळी होती. मासा खालून वर बघतो. पाण्यावरची माशी त्याला उजळ आभाळावर काळीच दिसते, म्हणजे रंगाआधी आकार आणि मोठेपण. पाणी गढूळ असेल किंवा दिवस कलला असेल, तर काळी सगळ्यांत ठळक. मोतीबिंदूनं मामांना माशाची नजर दिली होती.

संध्याकाळी त्या काळ्या माशीला वीतभर अळकूट लागली. काटा दाबलेला, त्यामुळं गरी नुसत्या बोटानं सुटली. मी मासा मामांच्या ओल्या हातावर ठेवला. त्यांनी तो क्षणभर धरला, वजन केल्यासारखा हात हलवला आणि पाण्यात उतरवला.

पौषात त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. पिवळी आणि तांबडी माशी त्यांनी तंबाखूच्या डबीत ठेवून घेतलीय. म्हणाले, "पट्टी निघू दे, मग सांगतो ह्यांचं."