धबधब्यामागची वाट

अम्मी गेल्यापासून अब्बा घराबाहेर पडायला तयार नसत. आमच्याकडे ओरेगॉनला आले, तरी तेच. एका रविवारी आग्रहाने सिल्व्हर फॉल्सला नेलं. दरीतून साडेअकरा किलोमीटरचा फेरा, वाटेत दहा धबधबे. पहिला पाहून परतू, असं आम्ही ठरवलेलं.

पहिलाच १७७ फुटी! पायवाट त्याच्या मागच्या कपारीतून जाते. कातळ काळा बसाल्टचा, थेट सह्याद्रीतला वाटावा असा. तुषार अंगावर येताच अब्बा थांबले.

"तुमच्या अम्मीला आवडलं असतं."

पुढे ओढ्याच्या बर्फगार पाण्याने वुजू करून शेवाळलेल्या झाडांखाली जोहर अदा केली. अब्बांची दुआ बराच वेळ चालली. आम्ही गुपचूप परतीच्या तयारीत.

"किती राहिलेत?" अब्बांनी विचारलं.

"नऊ."

"मग चला की."