रियाधच्या मुली आणि बुलढाण्याची पोरगी

आमच्या जिल्ह्यात चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, मलकापूर, कुठल्याही मुस्लिम मोहल्ल्यात जा, एखादं तरी घर 'सौदीवालं' म्हणून ओळखलं जातं. त्या घरात जाड, मऊ जानमाज असते, अत्तराच्या छोट्या बाटल्या असतात, सुट्टीवर आलेल्या माणसाच्या बॅगेतून अजवा खजूर आणि जमजमचं पाणी निघतं. शेजारपाजारी वाटणी होते. त्या सामानाबरोबर आणखी एक गोष्ट येते, तिची वाटणी मात्र न मागता होते. ती म्हणजे 'तिथं असं असतं' हे वाक्य. तिथं बायका अशा राहतात, तिथं मुली अशा वागतात. बोलणारा मक्का-मदिनेच्या मुलुखातून आलेला असल्यामुळे त्याच्या या वाक्याला आपोआप मसल्याचं वजन येतं.

आमचंही घर असंच. माझे भाईजान 2009 पासून रियाधमध्ये आहेत. एका सौदी कुटुंबाकडे घरचा ड्रायव्हर म्हणून गेले आणि त्याच घरी टिकले. कफील माणूस बरा निघाला, इकामा वेळेवर होत गेला, पगार महिन्याच्या महिन्याला आला. एवढं मिळालं तरी आपल्या लोकांना नशीब वाटतं. त्या पैशावर अब्बांचं आजारपण निघालं, घरावर स्लॅब पडला, भाईजानच्या तीन मुलांची शाळा झाली.

त्या तिघांतली थोरली माझी भाची. गेल्या वर्षी तिनं बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास केली आणि औरंगाबादला फार्मसीला नंबर लागला. बुलढाण्याहून एसटीनं चारेक तासांचं अंतर. होस्टेलवर राहावं लागणार होतं. भाभींनी रियाधला कळवलं. रात्री भाईजानचा व्हॉइस मेसेज आला. आवाज शांत होता, पण निकाल लागलेला होता. म्हणाले, 'मुलीनं महरमशिवाय परगावी राहायचं नाही. मी इतकी वर्षं या मुलुखात आहे, मला दीन शिकवू नका.'

भाभी गप्प बसल्या. पोरगी दोन दिवस जेवली नाही. मग ती माझ्याकडे आली. मी तिची फुफू, मराठी शाळेत शिकवते, आणि खानदानात पुस्तकं वाचणारी बाई म्हणून थोडी बदनामही आहे.

मला त्या मेसेजमध्ये एक गोष्ट खटकली, ती महरमची अट नव्हती. त्या अटीवर उलेमांमध्ये जुनी चर्चा आहे. प्रवास किती लांबचा, रस्ता सुरक्षित आहे का, सोबत कोण आहे, यावर मतं वेगवेगळी आहेत. ज्याला अभ्यास करायचा त्यानं करावा. मला खटकलं ते 'मी या मुलुखात आहे' हे. कारण भाईजान ज्या मुलुखात होते तिथल्या मुलींना त्यांनी पाहिलं होतं ते गाडीच्या आरशात. तेही नजर खाली ठेवून.

याच भाईजाननी मालकाच्या थोरल्या मुलीला चार वर्षं युनिव्हर्सिटीत नेलं-आणलं. मग ती शिष्यवृत्ती घेऊन इंग्लंडला शिकायला गेली. विमानतळावर सोडायलाही तेच होते. ही गोष्ट त्यांनीच एका सुट्टीत कौतुकानं सांगितली होती. तिच्यासोबत तिचा धाकटा भाऊ महरम म्हणून गेला, आणि तोही तिकडे शिकला. 2005 मध्ये राजे अब्दुल्ला यांच्या नावानं मोठी शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. तिच्यातून सौदीतली हजारो मुलंमुली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि इतर देशांत गेली. मुलींसाठी महरमची अट होती. घरातलं कोणी सोबत जाईल, अशी सोय करून मुली गेल्या. अट होती म्हणून शिकणं थांबलं नाही.

पुढे तर अटीही सैल झाल्या. 2018 च्या जूनमध्ये तिथल्या बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली. 2019 च्या ऑगस्टमध्ये एकवीस वर्षांवरच्या बाईला पालकाच्या परवानगीशिवाय पासपोर्ट काढायची आणि प्रवास करायची मुभा मिळाली. पहिली बातमी आली तेव्हा आमच्या घरात काय झालं ते मला आठवतं. अम्मी तसबीह घेऊन बसली. रियाधच्या बायका गाडी चालवायला लागल्या तर आपल्या पोराची नोकरी जाईल, ही तिची काळजी. तिथल्या बाईच्या हाती स्टिअरिंग येणं म्हणजे इथल्या चुलीला धोका, असा विचित्र हिशोब होता. नोकरी गेली नाही. मालकीणबाई वयस्कर, त्यांना दवाखान्यात न्यायला भाईजान लागतातच. मुली मात्र आता स्वतः गाडी काढतात.

म्हणजे ज्या रिवाजाचा दाखला रियाधहून बुलढाण्याला येत होता, तो रियाधमध्येच बदलून गेला होता. आमच्याकडे मात्र त्याची जुनी आवृत्ती चालू होती.

भाईजानशी बोलण्याआधी मी एक पुस्तक पुन्हा काढलं. रजा अल-सानिया या सौदी लेखिकेची 'बनात अल-रियाद' म्हणजे 'रियाधच्या मुली' ही कादंबरी. 2005 मध्ये ती बैरुतहून अरबीत निघाली, सौदीत आधी तिच्यावर बंदी आली, आणि 2007 मध्ये इंग्रजीत आली. मी इंग्रजीत वाचली. लेखिका तेव्हा पंचविशीच्या आतली, दातांची डॉक्टर होऊ घातलेली. पुढे शिकायला ती शिकागोला गेली. कादंबरीत एक निनावी मुलगी दर शुक्रवारी सगळ्यांना ई-मेल पाठवते आणि आपल्या चार मैत्रिणींच्या गोष्टी सांगते. एकीचा निकाह होतो, रुखसती बाकी असते. नवरा जवळ येतो आणि त्याच कारणासाठी तिला 'तसली' ठरवून सोडून देतो. दुसरी लग्न करून नवऱ्याबरोबर शिकागोला जाते आणि तिथं कळतं की त्याचं मन आधीच दुसरीकडे आहे. तिसरीची आई अमेरिकन, म्हणून मुलाच्या घरचे तिला नाकारतात.

फार थोर साहित्य आहे असं मी म्हणणार नाही. गप्पांसारखी भाषा, श्रीमंत घरं, महागडे कपडे. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलीचा त्या पैशाशी काही संबंध नाही. पण निकाह आणि रुखसती यांच्या मधल्या काळात अडकलेली मुलगी मी इथंही पाहिलीय. 'खानदान कसलं' या प्रश्नावर मोडलेली सोयरीक तर प्रत्येक घरानं पाहिलीय. ती पानं वाचताना मला पहिल्यांदा नीट कळलं की मक्का-मदिनेच्या मुलुखातली माणसंही आपल्यासारखीच 'लोक काय म्हणतील' या मसलकाची आहेत. त्यांच्या रिवाजाला आपण दीन समजतो, कारण तो अरबीत बोलतो.

आणखी एक. त्या कादंबरीत ड्रायव्हर आणि मोलकरणी येतात, पण कडेकडेनं. गाडी आली, गाडी थांबली, एवढ्यापुरत्या. वाचताना माझं लक्ष सारखं पुढच्या सीटकडे जात होतं. तिथं माझा भाऊ बसलेला असतो. मागे मुली बोलत असतात, आणि त्याला अरबी कामापुरतं येतं.

आता बुलढाण्याची गोष्ट. आमचं हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेत, थंड हवेचं, पूर्वी वऱ्हाडातलं एक आडबाजूचं ठाणं. याच गावात ताराबाई शिंदे राहत होत्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला, सत्यशोधक विचारांचे. त्यांनी मुलीला घरीच शिकवलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं. 1882 मध्ये ते पुण्यात छापलं गेलं. 500 प्रती, किंमत नऊ आणे. जे दुर्गुण बाईच्या माथी मारता ते पुरुषांत किती आहेत हे एकदा मोजा, असा रोख. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. बाकीच्यांनी असा गहजब केला की ताराबाईंनी पुन्हा पुस्तक लिहिल्याचं दिसत नाही. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा महाराष्ट्राला आपल्या या बाईची ओळख झाली.

एकीचं पुस्तक बुलढाण्यात सुचलं आणि पुण्यात छापलं. दुसरीचं रियाधमध्ये सुचलं आणि बैरुतमध्ये. मध्ये सव्वाशे वर्षं. धर्म वेगळा, भाषा वेगळी. पण दोघींना एकच गोष्ट दिसली होती: बाईला ज्या नियमानं बांधतात तो नियम कुणी, कशासाठी केला हे तिला विचारू दिलं जात नाही, आणि विचारलं की धर्माचं नाव पुढे केलं जातं. भाचीला मी दोन्ही पुस्तकं दिली. ताराबाई तिला आधी जड गेल्या, जुनी मराठी. पण त्या आपल्याच गावच्या, हे कळल्यावर तिनं नेटानं वाचलं. म्हणाली, 'फुफू, ही बाई आपल्या गल्लीत भांडायला उभी राहिल्यासारखी लिहिते.'

शुक्रवारी भाईजानला सुट्टी असते. जुम्मा झाल्यावर मी फोन लावला. आम्ही घरी दखनी बोलतो, इथं मराठीत लिहिते.

मी विचारलं, 'भाईजान, तुमच्या मालकाची मुलगी इंग्लंडला गेली तेव्हा तुम्ही तिला सोडायला गेला होता ना?'

'हो.'

'मग ती दीनच्या बाहेर गेली का?'

'तिच्यासोबत भाऊ होता.'

'आपल्या पोरीसोबत धाकट्याला ठेवू. तोही तिथंच अकरावी करील. खोली घेऊ.'

बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, 'त्यांचं वेगळं आहे. त्यांच्याकडे पैसा आहे. दोघांचा खर्च मी कुठून करू? आणि औरंगाबादेत तिला काही झालं तर मी इथून येईपर्यंत दोन दिवस जातील. मी बाप असून काय कामाचा?'

हे ऐकलं आणि मला हायसं वाटलं. गेल्या दोन आठवड्यांत पहिल्यांदा ते खरं बोलले होते. महरमचा प्रश्न होता तोवर कोणाला तोंड उघडता येत नव्हतं. मसल्यापुढे भाभी काय बोलणार, पोरगी काय बोलणार? पण पैसा आणि काळजी यांवर घरातलं प्रत्येकजण बोलू शकतं. पैसा मोजता येतो. काळजीला तोड काढता येते.

त्यांची काळजी खोटीही नव्हती. मी आणि भाभी औरंगाबादला खोली बघायला गेलो तेव्हा एका घरी आमचं नाव ऐकून 'आत्ताच दिली' म्हणाले. दुसऱ्या घरी आपलेच लोक होते. त्यांनी विचारलं, 'पोरीला एकटीला कशाला पाठवता, लग्न करून टाका ना.' दोन्ही दारांतून परतताना भाभी एकच वाक्य बोलल्या, 'तिथं बाहेरचे, इथं घरचे.' शेवटी मुलींच्या एका होस्टेलमध्ये जागा मिळाली. आमच्याच जिल्ह्यातल्या आणखी दोन मुली तिथं होत्या. फी मी आणि भाईजान वाटून भरतो. लग्नासाठी म्हणून भाभींनी दागिन्यांचे पैसे बाजूला ठेवले होते, त्यातले काही काढले.

ते पैसे काढताना घरात पुन्हा वाद झाला, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. कुरआनानं महर बाईला द्यायला सांगितलंय, नवऱ्यानं. मुलीच्या बापानं जहेज द्यावं असं कुठं सांगितलेलं नाही. तरी जहेजसाठी दहा वर्षं पैसे साठवताना आपल्याला कोणी मसला विचारत नाही. त्याच पैशातून मुलीची फी भरायची म्हटली की मात्र सगळ्यांना दीन आठवतो. वहीची सुरुवात 'वाच' या हुकमानं झाली हे आपण प्रत्येक जलशात ऐकतो, सुब्हानल्लाह म्हणतो, आणि घरी येऊन मुलीच्या बारावीनंतर स्थळं बघायला लागतो. महर टाळला, जहेज घेतला, शिक्षण तोडलं: तिन्ही ठिकाणी रिवाज जिंकतो आणि नाव दीनचं होतं.

परदेशात शिकायला गेलेल्या त्या सौदी मुलींना दूर गेल्यावर काय मिळालं असेल, याचा मी विचार करते. डिग्री तर मिळालीच. पण मला वाटतं, आपल्या घरातलं काय अल्लाहचं आणि काय आजीचं, हे त्यांना तिथं निवडता आलं असेल. आजीचं सगळं टाकून द्यायचं असं नाही. माझ्या आजीचे दखनीतले पाळणे मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. पण ते आजीचे आहेत हे माहीत असावं. ज्यांना शिकागो-लंडन मिळत नाही त्यांच्यासाठी औरंगाबादची एसटी आहे, आणि तीही नसेल तर पुस्तक आहे.

भाचीचं पहिलं वर्ष पार पडलं. एका विषयात मार्क कमी आहेत, होस्टेलच्या जेवणाची तक्रार रोज आहे. भाईजान दर शुक्रवारी तिला व्हिडिओ कॉल करतात आणि खोलीचं दार नीट लागतं का हे अजून विचारतात.

मागच्या महिन्यात त्यांनी मला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, 'ती रियाधच्या मुलींची किताब आहे म्हणालीस, त्यात काय लिहिलंय ते सांग ना. इतकी वर्षं मागच्या सीटवर त्या बोलायच्या, मला कधी कळलं नाही.'

आता दर जुम्म्याला मी त्यांना थोडं थोडं सांगते. दुसऱ्या मुलीच्या तलाकपर्यंत आलोय.