दोन टीबी: हाली की कलदार?

नवी एक्स्टर्नल हार्ड डिस्क लॅपटॉपला जोडली की बहुतेकांना एकच शंका येते. खोक्यावर २ टीबी छापलंय, विंडोज मात्र १.८१ टीबी दाखवतंय. मग उरलेली जागा गेली कुठं?

माझे काका सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्यावर फोटो स्टुडिओ चालवतात. लग्नसराईत शूटिंगच्या फाइल्सनी डिस्क भराभर भरते. परभणीहून नवी आणली आणि त्यांचा मला पुण्यात फोन आला. "जागा कमी दाखवायलं. दुकानदार म्हणतो, असंच असतंय. कामून असंच असतंय? कापसाच्या काट्यावर पण हेच ऐकवतेत."

त्यांचा संशय मला रास्त वाटला. ज्याचा माल आयुष्यभर दुसऱ्याच्या काट्यावर मोजला गेलाय, त्याला 'असंच असतं' हे उत्तर पुरत नाही. त्याला स्वतः करून बघता येईल असा हिशोब हवा असतो.

हिशोब असा. कंपनी १००० च्या पटीत मोजते, म्हणजे तिचा एक टीबी एक लाख कोटी बाइटचा. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, कारण कॉम्प्युटरची मेमरी दोनाच्या घातांत बनते आणि दोनाचा दहावा घात म्हणजे १०२४. केबीमध्ये हा फरक अडीच टक्क्यांच्या आत आहे. पण केबी, एमबी, जीबी असा दर पायरीला तो वाढत जातो आणि टीबीपर्यंत दहा टक्क्यांच्या जवळ पोचतो.

मी म्हणालो, "काका, कॅल्क्युलेटर काढा. दोनावर बारा शून्यं टाका आणि १०२४ ने चार वेळा भागा." उत्तर आलं १.८१८९. मग त्यांना डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये बघायला सांगितलं. तिथं १.८१ टीबीच्या शेजारीच पूर्ण बाइटही लिहिलेले असतात: तेरा आकडी संख्या, दोनानं सुरू होणारी. म्हणजे माल पुरता होता.

"मग दोन वेगळ्या मापांना नाव एकच कामून?" काकांनी विचारलं. आणि लगेच स्वतःच म्हणाले, "हे आपल्या हाली-कलदारासारखं झालं की."

निजामाच्या राज्यात परभणीत हाली रुपया चालायचा, तर ब्रिटिश हिंदुस्थानाचा रुपया म्हणजे कलदार. दोन्ही रुपयेच, पण सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. व्यवहार करताना कोणता रुपया हे आधी विचारावं लागायचं. काकांनी हे आजोबांकडून ऐकलेलं. हाली चलनातून पूर्ण बाद झाला तो १९५९ मध्ये.

टीबीबाबतही नावं वेगळी करायचा प्रयत्न झालाय. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगानं १०२४ च्या मापांना किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट अशी नावं दिली. ॲपलनं २००९ पासून मॅकवर १००० चंच माप धरलं. विंडोज मात्र अजूनही १०२४ नं मोजतं आणि लिहितं टीबी. अमेरिकेत तर यावरून ग्राहक कोर्टात गेले, आणि वेस्टर्न डिजिटलनं २००६ मध्ये तडजोड केली.

यात खरा धोका वेगळाच आहे. स्वस्तात मिळणाऱ्या बनावट '१६ टीबी' डिस्कमध्ये छोटीशी चिप असते आणि तिला खोटं माप सांगायला शिकवलेलं असतं. अशी डिस्क स्क्रीनवर पुरेपूर जागा दाखवते. खरी जागा संपली की नव्या फाइल्स नुसत्या नावाला दिसतात, किंवा जुन्यांवरच लिहिल्या जातात. अस्सल डिस्क कमी दाखवते म्हणून आपण भांडायला जातो, आणि बनावट पुरी दाखवते म्हणून बिनघोर राहतो.

म्हणून काकांना एक काम सांगितलं. डिस्क रिकामी आहे तोवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. ते डिस्क काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून बघतं. दोन टीबीला कितीतरी तास लागतात, पण लागू द्यावेत. फुटेज गेलं तर लग्न काही परत लावता येत नाही.

काकांची डिस्क तपासणीत पास झाली. आता तिच्यावर मार्करनं लिहिलंय: '२ हाली, १.८१ कलदार'.