होडीचा नांगर

शेतकऱ्याच्या नांगराला आणि खलाशाच्या नांगराला आपल्या भाषेंत एकच शब्द आहे, याचें मला लहानपणीं मोठें कौतुक वाटे. एक माती उकरतो तो पुढें जाण्यासाठीं, दुसरा उकरतो तो जागच्या जागीं राहण्यासाठीं. पुढें मी अभियांत्रिकी शिकलों, तीस वर्षें पूल बांधण्यांत घालविलीं, आणि दोर, कप्पी व भार यांविषयीं आपणांस कोणीं कांहीं सांगावें असें आतां उरलें नाहीं, अशी माझी समजूत दृढ झाली. ती समजूत गेल्या वर्षीं देवबागच्या खाडींत उलटी झाली, आणि तिच्याबरोबर माझा पुतण्याही.

बाळ हा माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. दादा गेला तेव्हां तो नऊ वर्षांचा होता. आम्ही सारस्वत असल्यामुळें घरांत मासळीचें वावडें नाहीं. पण मासळी यावी ती बाजारांतून, घरच्या मुलानें ती धरावयास जाऊं नये, असा आमच्याकडील दंडक. बाळानें नोकरीच्या पहिल्या पैशांतून मासे धरण्यासाठीं कयाक विकत आणली, तेव्हां वहिनी दोन दिवस त्याच्याशीं बोलल्या नाहींत. कयाक ही मूळची उत्तरध्रुवाकडील इन्युइट लोकांची शिकारीची होडी. लांकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ते ती बनवीत. बाळाची मात्र प्लॅस्टिकची, बारा फूट लांब, आंत न बसतां वर बसण्याची, गळाच्या काठ्या उभ्या करण्यास मागें दोन भोकें असलेली. तिसऱ्या दिवशीं वहिनींनीं मौन सोडलें तें मला उद्देशून : "भाऊजी, तुम्ही सगळें नीट बसवून दिलेंत, तरच तो पाण्यांत जाईल."

अशा हलक्या होडीला वारा आणि प्रवाह घटकाभर एके ठिकाणीं राहूं देत नाहींत. हातांत गळ धरला कीं वल्हें मारतां येत नाहीं, म्हणून नांगर हवा. मिटवून ठेवतां येईल असा चार फाळांचा, दीड किलो वजनाचा नांगर बाळानें आणला होता. होडीच्या मध्यभागीं, बसणाराच्या अगदीं हाताशीं, एक भक्कम कडी होती. मीं दोराचें टोक तेथेंच बांधलें. गांठ अशी मारली कीं ती कोणाच्या बापालाही सुटूं नये. ती पाहून मी स्वतःवरच प्रसन्न झालों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशींची ओहोटी होती. कर्लीचें सारें पाणी संगमाकडे धांवत होतें. बाळानें नांगर टाकला, तो तळाशीं कशांत तरी घट्ट रुतला, आणि होडी एकदम प्रवाहाला आडवी झाली. मी कांठावरून पाहत होतों. दोर ताठ झाला, ज्या कुशीला तो बांधलेला होता ती कूस हळूहळू खालीं खेंचली जाऊं लागली, तिच्यावरून पाण्याची एक पातळ चादर आंत आली. आणि मग हळूहळू असें कांहीं राहिलें नाहीं. होडी पालथी झाली. बाळ दिसेना. मीं हांक मारली कीं नाहीं, तें मला आजही सांगतां येत नाहीं.

तो अंगांतील तरंगत्या जाकिटामुळें वर आला. पलीकडे जाळें ओढणाऱ्या एका म्हाताऱ्या तांडेलानें त्याला आपल्या होडींत घेतलें, कोयत्यानें माझा तो न सुटणारा दोर तोडला, आणि पालथी कयाक ओढीत कांठाला आणली. मला तो रागावला नाहीं. नुसतें म्हणाला, "भाऊ, होडयेक नाकाक बांधूची, नायतर शेपटीक. पोटाक कोण बांधता?"

मीं आयुष्यभर केलेल्या गणितांत हें गणित फारसें कठीण नव्हतें. टोकाशीं बांधलेली होडी प्रवाहाकडे निमुळतें अंग करून उभी राहते, आणि पाणी दोन्ही बाजूंनीं निघून जातें. मध्यें बांधली तर पाणी सबंध कूस ढकलतें व दोर तीच कूस खालीं ओढतो. त्यांत दोर आंखूड. पाणी तीन मीटर, आणि मीं दोर दिला होता जेमतेम पांच मीटरांचा! खोलीच्या पांच-सात पट दोर सोडला तर ओढ आडवी लागते व फाळ तळांत शिरतात. आंखूड दोराची ओढ वरच्या दिशेची, म्हणजे नांगर तरी उपटावा किंवा होडी तरी खालीं यावी.

त्या रात्रीं वहिनींना सर्व मीं स्वतःच सांगितलें. बाळ सांगूं नका म्हणत होता. त्यांनीं ऐकून घेतलें, पानें वाढलीं, आणि कांहीं बोलल्या नाहींत. बोलल्या असत्या तर बरें वाटलें असतें.

पुढचे आठ दिवस मी पडवींत होडीपाशीं बसून होतों. पुढच्या व मागच्या टोकाला एकेक लहान कप्पी बसविली, दोन्हींतून दोरीचा एक लांब वेढा कुशीच्या बाजूनें फिरविला, आणि त्या वेढ्याला एक कडें अडकविलें. नांगराचा दोर या कड्यांतून जातो. बसल्या जागीं नांगर टाकावयाचा आणि वेढा ओढून कडें टोकाशीं न्यावयाचें, कीं होडी आपोआप प्रवाहाशीं सरळ होते. दोर आतां गांठीनें बांधलेला नाहीं. आसनापुढील दातेरी खांचेंत तो नुसता दाबून बसवितात. त्याच्या शेवटाला एक बोया लावला. संकट आलें तर दोर खांचेंतून उचलून सरळ पाण्यांत टाकावा व मोकळें व्हावें. बोया तरंगत राहतो, नांगर मागाहून आणतां येतो. नांगराला एक मीटर सांखळी जोडली, ती वरच्या कडीला नव्हे, खालीं फाळांच्या मुळाशीं. वरच्या कडीला ती केवळ प्लॅस्टिकच्या बारीक पट्टीनें बांधली आहे. नांगर खडकांत अडकला तर त्याच्या थेट वर जाऊन हिसका द्यावा. पट्टी तुटते आणि नांगर उलटा होऊन निघतो. तुटण्यासाठींच बसविलेली वस्तु मीं जन्मांत प्रथमच बसविली. पुलांत असलें कांहीं चालत नसे. जाकिटावर हाताशीं एक सुरी लावली, ती तांडेलाच्या सांगण्यावरून. वाहत्या पाण्याचा जोर फार असेल तेव्हां नांगर टाकूंच नये, हेंही त्याचेंच सांगणें.

अष्टमीला भांगाचें पाणी होतें, तेव्हां बाळ पुन्हां खाडींत उतरला. वहिनी कधीं नव्हे त्या कांठावर आल्या, पदर खोंचून दगडावर बसल्या. होडी नांगरावर स्थिर झाली.

"सोड," त्या म्हणाल्या.

बाळानें दोर उचलून टाकला. बोया तरंगूं लागला, होडी सुटली. तो वल्हवीत परत आला, बोया धरला, दोर पुन्हां खांचेंत बसविला.

"सोड."

असें सहा वेळां झालें. बाळ हंसूं लागला होता. मी म्हटलें, "वहिनी, पुरे आतां, त्याला गळ तरी टाकूं दे."

त्यांनीं माझ्याकडे पाहिलें नाहीं. त्यांचे डोळे बोयावर होते.

"आतां डाव्या हातानें," त्या म्हणाल्या.