आकडा सुधारला, पुढे काय?

माझं पोट आकड्यांवर चालतं. तालुक्याच्या गावात मी पॅथॉलॉजी लॅब चालवते. पण आकड्यांशी माझं नातं नुसतं पोटापुरतं कधीच नव्हतं. माझी त्यांच्यावर श्रद्धा होती. क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, युरिक ॲसिड, व्हिटॅमिन डी, जे काही रेंजच्या बाहेर गेलं तो आजार, आणि ते रेंजमध्ये परत आणणं हा उपचार, असं मी मनापासून मानत आले. रिपोर्ट नॉर्मल आला की पेशंटइतकाच आनंद मला व्हायचा.

आता मी तसं मानत नाही. कुणी वाद घालून माझं मत पालटलं नाही. हाडं, सांधे आणि किडनी यांच्यावरचं संशोधन मी वर्षानुवर्षं आवडीने वाचत आले, आणि त्यातल्या काही प्रयोगांनी मला जागचं हलवलं.

पहिला तडा फ्लोराइडने पाडला. त्यावर जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडे फ्लोराइड म्हटलं की यवतमाळ, चंद्रपूरकडचे हातपंप आणि मुलांचे डागाळलेले दात डोळ्यांसमोर येतात. पण दातांवर थांबत नाही ते. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून १९३७ साली एच. ई. शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं हाडांवरचं रूप नोंदवलं होतं: पाठीचा कणा ताठून गेलेला, मान वळत नाही, सांधे आखडलेले. अशा माणसाचा एक्स-रे पाहिला तर कणा पांढराशुभ्र, कमालीचा दाट दिसतो. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी आणि चुना वापरून पाण्यातलं जादा फ्लोराइड काढायची जी पद्धत बसवली, ती याच दुखण्यासाठी.

आता दुसऱ्या बाजूने बघा. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं विरळ होत जातात. मग जे द्रव्य हाड इतकं दाट करतं, ते बेताच्या प्रमाणात औषध म्हणून का देऊ नये? फ्लोराइड हाड तयार करणाऱ्या पेशींना चेतवतं हे ठाऊक होतं. विचार सरळ होता, प्रयोगशाळेतला पुरावा त्याच्या बाजूने होता. अनेक वर्षं अनेक ठिकाणी ते दिलंही गेलं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मेयो क्लिनिकमध्ये, लॉरेन्स रिग्ज आणि सहकाऱ्यांनी याचा नीट निवाडा करायचं ठरवलं. पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या २०२ स्त्रिया. निम्म्यांना रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी; कॅल्शियम मात्र सगळ्यांना. कोणाला काय मिळतंय हे ना त्या स्त्रियांना ठाऊक, ना तपासणाऱ्यांना. चार वर्षं हे चाललं. १९९० मध्ये निकाल छापून आला. कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली होती. ३५ टक्के! हाडांच्या घनतेत दोन-चार टक्क्यांची वाढसुद्धा मोठी मानतात. हा आकडा माझ्या लॅबमधून गेला असता तर मी पेढे मागितले असते.

आणि फ्रॅक्चर? मणक्यांची फ्रॅक्चर लक्षणीय कमी झाली नाहीत. मणके सोडून इतर हाडांची फ्रॅक्चर फ्लोराइड घेणाऱ्यांमध्ये ७२, न घेणाऱ्यांमध्ये २४.

या दोन आकड्यांपाशी मी बराच काळ अडकून होते. कारण शोधत गेल्यावर कळतं की फ्लोराइडने आतलं जाळीदार हाड भरलं, पण त्याची घडण बिघडलेली होती; आणि हाताच्या हाडाचा बाहेरचा कठीण भाग उलट थोडा विरळच झाला. दाट, पण खडूसारखं. नेल्लोरच्या त्या रुग्णांच्या कण्यात निसर्गाने हेच कधीचं दाखवून ठेवलं होतं. यंत्राने घनता मोजली, ती अचूकच मोजली. फक्त त्या बाईला घनता नको होती. तिला न्हाणीघरात पाय घसरला तर खुबा मोडू नये, एवढंच हवं होतं.

म्हणून घनतेची तपासणी टाकाऊ ठरते असं मात्र नाही, आणि इथे मी घाईने दुसऱ्या टोकाला जाणार नाही. पुढे आलेल्या औषधांच्या २३ चाचण्या, नव्वद हजारांहून जास्त माणसं, यांचा एकत्र हिशोब २०२० मध्ये मांडला गेला, आणि त्यात घनता जितकी वाढली तितकी फ्रॅक्चर कमी झाल्याचं दिसलं. म्हणजे त्या औषधांच्या बाबतीत हा आकडा भरवशाचा निघाला. पण तो भरवसा आधी हजारो माणसांची मोडलेली आणि न मोडलेली हाडं मोजून मिळवावा लागला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आमच्या लॅबमध्ये या सगळ्याचा रोजचा संबंध येतो तो युरिक ॲसिडमुळे. गुडघा दुखतो म्हणून तपासणी, आठ-साडेआठ आकडा, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात तूरडाळ बंद, पालक बंद, टोमॅटो बंद. गुडघा बहुतेक वेळा झिजेने दुखत असतो. ज्याला गाऊटचे खरे झटके येतात, ज्याचा पायाचा अंगठा रात्रीत सुजून लाल होतो, त्याने युरिक ॲसिड उतरवलंच पाहिजे. त्याबद्दल शंका नाही. पण डाळीचं काय? अमेरिकेत सत्तेचाळीस हजारांहून अधिक पुरुषांवर बारा वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००४ मध्ये आला. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाला, दूधदुभतं घेणाऱ्यांना कमी, आणि प्युरीन असलेल्या भाज्यांनी काही फरक पडला नाही. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या ताटात आधीच प्रथिनं कमी. त्यातली डाळही एका आकड्यापायी जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

किडनीचे डॉक्टरही या आकड्याकडे आशेने पाहत होते. ज्यांचं युरिक ॲसिड जास्त, त्यांची किडनी लवकर खालावते हे अनेक अभ्यासांत दिसलं होतं. मग ॲलोप्युरिनॉल देऊन ते उतरवलं तर किडनी वाचेल, असं वाटणं स्वाभाविकच. २०२० च्या जून महिन्यात दोन चाचण्या एकदम प्रसिद्ध झाल्या. दोन्हींमध्ये युरिक ॲसिड व्यवस्थित उतरलं. किडनीची घसरण आपल्या वेगाने चालूच राहिली.

हिमोग्लोबिनची गोष्ट याहून जिव्हारी लागणारी आहे. किडनीच्या पेशंटला रक्त कमी पडतं, कारण रक्तपेशी बनवायचा संदेश देणारं एरिथ्रोपोएटिन किडनीतच तयार होतं. ते इंजेक्शनच्या रूपात मिळू लागलं तेव्हा डायलिसिसवरच्या माणसांची सारखं रक्त चढवण्यातून सुटका झाली. हे वरदानच होतं, आजही आहे. मग पुढचा विचार आला: नऊ-दहावर का थांबायचं, निरोगी माणसाइतकं तेरा करूया. मधुमेह आणि किडनीचा आजार असलेल्या ४०३८ जणांवर हे करून पाहिलं, निकाल २००९ मध्ये आला. आयुष्य वाढलं नाही, थकवा थोडाफार कमी झाला, आणि पक्षाघात जवळपास दुप्पट झाले: ५३ ऐवजी १०१. हिमोग्लोबिन तेरा असलेला रिपोर्ट मी कधीच लाल शाईत छापला नसता.

भिगवणचा अभ्यास मी या सगळ्यानंतर पुन्हा काढून वाचला. उजनीच्या पाण्याकाठचं हे गाव बहुतेकांना फ्लेमिंगोंमुळे माहीत आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथे घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची विचारपूस केली. सुरुवात सुईने झाली नाही. दुखतं का, कुठे दुखतं, काय करता येत नाही, हे आधी विचारलं. ज्यांना दुखत होतं त्यांना डॉक्टरांनी तपासलं. साधारण १८ टक्के लोकांना हाडा-सांध्यांचं दुखणं निघालं, आणि ज्याला आपण ऱ्हुमॅटॉइड संधिवात म्हणतो तो फक्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास. उरलेल्यांचं दुखणं कितीतरी साधं आणि कितीतरी दुर्लक्षित होतं. या संधिवातासाठी रक्तात तपासला जाणारा आरए फॅक्टर धडधाकट माणसातही पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि खऱ्या रुग्णात निगेटिव्हही. पूर्वी मला या अभ्यासाची पद्धत जुन्या वळणाची वाटायची. आता ती मला सगळ्यांत शहाणी वाटते.

लॅब मी बंद केलेली नाही, आणि तपासण्यांवरचा माझा विश्वासही उडालेला नाही. किडनीचा आजार वर्षानुवर्षं मुकाट असतो. क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन मोजल्याशिवाय तो सापडणारच नाही. एवढंच की कोणतंही नवं औषध आलं की आता मी पहिला प्रश्न वेगळा विचारते. याने रिपोर्ट किती सुधारतो, हे नंतर. किती जणांचा खुबा मोडायचा वाचला, किती जण डायलिसिसपर्यंत पोचले नाहीत, किती जण जगले?

या प्रश्नाचं सुखद उत्तर देणारं औषध अलीकडे आलं, आणि गंमत अशी की ते आकडा आधी बिघडवतं. डॅपाग्लिफ्लोझिन ही मूळची मधुमेहाची गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वर जातं, कारण किडनीच्या गाळण्यांवरचा दाब उतरतो. २०२० च्या चाचणीत ४३०४ पेशंट होते, त्यांत मधुमेह नसलेलेही. किडनीची मोठी घसरण, ती निकामी होणं, किंवा किडनी वा हृदयाच्या कारणाने मृत्यू, यांतलं काही ना काही औषध न घेणाऱ्यांपैकी ३१२ जणांच्या वाट्याला आलं. घेणाऱ्यांपैकी १९७ जणांच्या.

त्यामुळे आता कुणी काका महिन्याभराने दोन रिपोर्ट शेजारी धरून काउंटरवर येतात आणि म्हणतात, "मॅडम, गोळीनं क्रिएटिनिन वाढलं, आजपासून बंद करतो," तेव्हा मी हातातलं काम ठेवते, त्यांना आत बसवते आणि कोणती गोळी, कधीपासून, ते विचारते. मग सांगते, "काका, किती वाढलं ते तुमच्या डॉक्टरांना पाहू द्या. दोन्ही कागद घेऊन आजच त्यांच्याकडे जा. आपल्या मनाने गोळी सोडू नका."